गाळपाची तारीख ठरवाल, तेव्हा आमचीही एक ठरवा

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावात मी चौथीला शिकवते. दसरा झाला की आमच्याकडे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमांच्या चकरा वाढतात आणि दिवाळीच्या पणत्या उचलायच्या आत ट्रक येऊन उभे राहतात. मग वर्गाची दोन टोकं होतात. काही पोरं आईबापाबरोबर उसाच्या फडावर जातात, बाकीची आजीजवळ राहतात. पत्र या मागे राहणाऱ्यांबद्दल आहे.

डी.एड.ला असताना मानसशास्त्रज्ञ मास्लोची 'गरजांची उतरंड' आम्ही घोकली होती, पाच गुणांना हमखास. आधी भूक, मग सुरक्षितता, माया, मान आणि शेवटी स्वतःला घडवणं, असं त्यानं १९४३ साली मांडलं. पुस्तकात त्रिकोण काढलेला असायचा, मला मात्र आपला मराठी शब्दच पटला. आजीच्या माळवदाच्या घरात होती तशी उतरंड: खाली डेरा, त्यावर मडकं, मग गाडगं, टोकाला बोळकं. खालचा डेरा हलला की आधी बोळकंच पडून फुटतं. आमच्याकडे हिशेब मागितला जातो तोही बोळक्याचाच. मूल मिनिटाला किती शब्द वाचतं, भागाकार येतो का, 'हो' की 'नाही'.

गेल्या हंगामातल्या एका पोराच्या नावापुढे भागाकाराला मीच 'नाही' लिहिलं होतं. आईबाप गेल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात शाळा सुटताना तो माझ्या टेबलापाशी रेंगाळला. "मॅडम, मम्मीला फोन लावू द्या ना." नंबर विचारला, तर दहाच्या दहा आकडे न अडखळता म्हणून दाखवले. पलीकडून ट्रॅक्टरची घरघर येत होती. त्यानं आईला एकच विचारलं, रोजचे किती टन होतात? ती म्हणाली, दोन.

दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन आला. "मॅडम, एक लाख उचल फिटायला किती दिवस लागतेत?" उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे, ते तोडणीतून फेडायचे. टनाचा दर ३६६ रुपये हे त्याला ठाऊक होतं, ऊसतोड्याच्या घरात ते सगळ्यांनाच ठाऊक असतं. दोन टनांचे ७३२. दहा दिवसांचे ७,३२०, शंभराचे ७३,२००. राहिले २६,८००. तिथून पुढे तो एकेक दिवस वजा करत बसला, मधल्या सुट्टीत खिचडीलाही उठेना. उत्तर आलं १३७. साखर कारखाने १ नोव्हेंबरला सुरू झाले होते, तिथून मोजलं तर १७ मार्च. पाडवा १९ ला होता. "म्हंजी पुरणपोळीला येतेत," तो म्हणाला. आजारपणाचे खाडे, फडावरचा किराणा, मुकादमाचं कापून घेणं यातलं काही त्याच्या हिशेबात नव्हतं. मीही सांगितलं नाही.

म्हणून 'पोट भरल्याशिवाय पोर शिकत नाही' हे मला अर्धंच खरं वाटतं. माझ्या कुठल्याही शैक्षणिक साहित्यानं जे जमलं नव्हतं, ते आईच्या ओढीनं एका दुपारी केलं. पण तीच ओढ जानेवारीत त्याला खाऊन बसली. वर्गात यायचा, खिडकीजवळ बसायचा आणि रस्त्याकडे बघायचा. आजीला कमी दिसायचं, ती चूल पेटवायची एकदाच. सकाळी काय खाल्लं विचारलं की तो म्हणायचा, "भूक नव्हती."

अशाच मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. योजना चांगली आहे, मी तिच्या विरोधात एक अक्षर लिहिणार नाही. आमच्या गावात नाव वसतिगृह असलं तरी पोरं झोपतात आजीकडेच, शाळेत सकाळ-संध्याकाळ जेवतात. पण त्या वर्षी मंजुरीचा कागद आला तेव्हा ट्रक जाऊन दीड महिना झाला होता. ज्या आयांनी "जेवणाची सोय होते का बघू" म्हणून वाट पाहिली, त्यांनी शेवटी पोरं बरोबर नेली. एकदा फडावरच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, गेलेलं पोर डिसेंबरातल्या कागदानं परत येत नाही.

साहेब, राज्याचा गाळप हंगाम कधी सुरू करायचा हे मंत्री समितीची बैठक ठरवते. २०२४ ला १५ नोव्हेंबर ठरली, २०२५ ला १ नोव्हेंबर. माणसं गावातून कधी निघणार हे सरकारला आधी कळतं, कारण तारीख सरकारच ठरवतं. माझं मागणं एवढंच, की त्याच बैठकीत त्याच कागदावर वसतिगृहाची तारीखही लिहा, गाळपाच्या निदान पंधरा दिवस आधीची. स्वयंपाकाचे पैसेही तेव्हाच शाळेच्या खात्यावर आले, तर दुकानदारापुढे उधारीला उभं राहावं लागणार नाही.

आणखी एक, अंड्याचं. नोव्हेंबर २०२३ पासून पोषण आहारात आठवड्याला एक अंडं मिळू लागलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबला, लोकसहभागातून द्या असं सांगण्यात आलं. आमच्याकडचे लोक सहा महिने ऊस तोडत असतात. सहभाग घ्यायचा कुणाचा?

मुलींबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. आजी म्हातारी, घराला दार धड नाही, म्हणून वयात येणाऱ्या मुलीला मागे ठेवायला आई घाबरते आणि फडावर नेते, नाहीतर लग्न उरकते. रात्री शाळेत मुक्कामाची खरी सोय आणि तिथे गावातली एखादी खमकी बाई पगारावर, एवढं झालं तरी किती मुली राहतील हे मी बोटावर मोजून सांगू शकते.

हे काही नवीन मागणं नाही. बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या कोसबाडला आधी आदिवासी मुलांना आंघोळी घातल्या आणि पोरं गुरांमागे जातात म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली. तुम्हाला शाळा फडावर न्यायला सांगत नाही. ट्रकच्या आधी कागद पोचवा.

त्या पोरानं यंदा दिवाळीआधीच विचारून ठेवलंय, "मॅडम, या वर्षी कारखाना कधी पेटणार?" तारीख कळली की तो पाटी घेऊन येणार आहे.

कळावे,
आपली,
चौथीची एक वर्गशिक्षिका