बाबांच्या पायातला काटा

पुणे

ती. बाबा आणि ती. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोन ठेवता ठेवता आई बोलून गेली, "तुया बाबाच्या पायात काटा रुतला होता. सांजच्याला पाय धुताना मले दिसला. त्यायले पत्ताच नाही." तिला ते विशेष वाटलं नाही. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. बाभळीचा बोटाच्या पेरभर काटा पायात आणि बाबा दुपारभर डवरणी करत होते!

बाबा, याला काटकपणा म्हणू नका. अकरा वर्षांपासून तुम्हाला साखर आहे. साखर फार दिवस वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. काटा कळत नाही, भाजलेलं कळत नाही, जखम चिघळते आणि मग बोट काढायची पाळी येते. म्हणून तर मी लगेच फोन करून विचारलं की अकरा वर्षांत डॉक्टरांनी एकदा तरी चप्पल काढायला लावून तुमचे तळपाय पाहिले का. तुम्ही नुसते गप्प राहिलात.

आपल्या डॉक्टरांबद्दल मी वाईट बोलले की तुम्हाला राग येतो, आणि तो खराच आहे. आजी शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा ते भर पावसात फटफटीवर आले होते. पैशासाठी त्यांनी कधी तगादा लावला नाही, "कापूस विकल्यावर पाहू" म्हणायचे. हे मी विसरलेले नाही. ताप-खोकल्याला त्यांच्याकडेच जा. पण साखर, बीपी आणि आता मूत्रपिंड, हे तिन्ही सांभाळायला आपल्याला दुसरं कुणी पाहावं लागेल.

दिवाळीतलं आठवतं ना? वर्ध्याला तुमचं रक्त तपासलं, क्रिएटिनिन १.७ आलं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलंय. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत? मी पिशवी टेबलावर रिकामी केली. कागदाच्या पुड्या निघाल्या, त्यांत एक पांढरी, एक पिवळी, एक अर्धी तोडलेली गुलाबी गोळी. नाव कशावरच नाही. मी पदवीधर मुलगी, आणि माझा बाप रोज काय गिळतो ते मला सांगता आलं नाही. वरून गुडघ्यासाठी दर पंधरा दिवसांनी कंबरेत सुई. दुखणं मारणारी औषधं अशी सारखी घेतली तर मूत्रपिंडावर ताण येतो, आणि साखर-बीपीवाल्याला तर ती आणखीच बाधतात. सुईनं तुम्हाला दोन दिवस बरं वाटतं, म्हणून ती सोडवत नाही, हेही मला समजतं. पण पुढची सुई आता घेऊ नका. साखर-बीपीच्या गोळ्या मात्र मनानं बंद करायच्या नाहीत.

मला डॉक्टर कसा हवा ते सांगते. गोळीचं नाव कागदावर लिहून देणारा. बोटातून थेंब काढून त्या दिवसाची साखर पाहून न थांबता तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी करायला लावणारा. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासायला पाठवणारा, पाय हातात घेऊन पाहणारा. आणि तुम्ही "काहून?" विचारलं तर न चिडता उत्तर देणारा. शिवाय सकाळच्या यष्टीनं जाऊन दिवेलागणीच्या आत घरी परतता यावं. नागपूरचा कितीही मोठा दवाखाना असो, महिन्याच्या गोळ्यांसाठी तो आपल्या कामाचा नाही.

म्हणून माझं मत असं आहे. महिन्याच्या महिन्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. बीपी-साखरेच्या गोळ्या तिथे फुकट मिळतात. "सरकारी गोळीत दम नसते" हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. साखरेची मेटफॉर्मिन गोळी तिथलीही तीच. साठा संपला असेल तर नाव लिहून आणा, मेडिकलमधून घेऊ. आणि सविस्तर तपासणीसाठी सेवाग्रामचा कस्तुरबा दवाखाना. एक दिवस मोडेल, मला माहीत आहे. पण तिथे साखरेचे, मूत्रपिंडाचे, डोळ्यांचे असे सगळे डॉक्टर एका आवारात भेटतात.

आई, आता तुझं. चुलीपाशी बसून तू मला जे सांगितलंस ते मी इथे लिहीत नाही. पण दवाखान्यात बाबा शेजारी बसले की तू "कमजोरी वाटते" एवढंच म्हणतेस आणि सलाईन लावून घरी येतेस. सहा वर्षं तू हे अंगावर काढलंस. तुला बाई डॉक्टरच पाहिजे, आणि दार लोटून घेऊन निवांत बोलायला पाहिजे. बाबा, तेवढा वेळ तुम्ही बाहेरच्या बाकावर बसायचं. नंतर तिला काहीही विचारायचं नाही, तिला वाटलं तर ती स्वतः सांगेल. यावर इलाज आहे आई, वयाचा भोग म्हणून सोसत बसू नकोस.

बाबा, तुम्हाला सत्तर पूर्ण झाली आहेत. आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घेऊ, आधार लागतं, उत्पन्नाची अट नाही. भरती व्हायची वेळ आली तर वर्षाला पाच लाखांपर्यंतचा खर्च त्यात बसतो, पण योजनेत असलेल्याच दवाखान्यात. बाहेरून दाखवायला किंवा महिन्याच्या गोळ्यांना ते चालत नाही. आईसाठी भरतीच्या खर्चाची सरकारची महात्मा फुले योजना आहे, रेशन कार्ड जपून ठेवा. भरती होण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनांचं काम बघणाऱ्या माणसाला, भेटायचं, बिल हातात पडल्यावर नाही. रात्री-बेरात्री काही झालं तर गाडी शोधत बसू नका, आधी १०८ लावा. आईच्या फोनमध्ये तो नंबर मी येऊन टाकून देते.

मी शुक्रवारी रात्री महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसते. शनिवारी वर्ध्याला उतरून घरी येईन, सोमवारी आपण तिघं सेवाग्रामला जाऊ. सकाळी चहासुद्धा घ्यायचा नाही, रक्त उपाशीपोटी द्यावं लागेल. आई, भाकर आणि चटणी बांधून घे, साखरेची गोळी बाबा जेवताना घेतील. त्या पुड्या आहेत तशा पिशवीत राहू द्या, जुने रिपोर्टही काढून ठेवा.

आणि बाबा, तोवर वावरात अनवाणी जाऊ नका. आई, रोज रात्री कंदिलाजवळ नाही, बल्बखाली बसवून त्यांचे दोन्ही तळपाय बघ, बोटांच्या बेचक्यांतही. काट्याची जागा लाल झाली किंवा ओली दिसली तर सोमवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यायचं आणि मला फोन करायचा.

तुमची,
ताई