अभयारण्याच्या दारात वाटाड्या हवा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दिवाळी सरून सकाळचा गारवा सुरू झाला की पनवेल, नवी मुंबई, ठाणे आणि मुंबई या पट्ट्यातील कुटुंबे रविवारी घराबाहेर पडतात. बहुतेकांचा ओढा अलिबाग, काशीद आणि मुरूडच्या पुळणींकडे असला, तरी मुलांना एकदा जंगलही दाखवावे या चांगल्या हेतूने कर्नाळा पक्षी अभयारण्याकडे वळणारी कुटुंबेही पुष्कळ असतात. अशा एक दिवसाच्या कौटुंबिक सहलींसंबंधी वन विभागाकडे एक मागणी आपल्या पत्राद्वारे मांडू इच्छितो. लहान मुले किंवा वृद्ध सोबत असलेल्या प्रत्येक कुटुंबाला अभयारण्याच्या प्रवेशद्वारापाशीच परिसरातील प्रशिक्षित वाटाड्या मिळावा आणि त्याचे मानधन प्रवेशशुल्कातच धरले जावे, एवढीच ती मागणी आहे.

कर्नाळा हे १९६८ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. सुरुवातीला अवघे ४.४८ चौरस किलोमीटर असलेले त्याचे क्षेत्र पुढे वाढवून सुमारे १२ चौरस किलोमीटर करण्यात आले. पनवेलपासून ते १०-१२ किलोमीटरवर आहे, मुंबई-गोवा महामार्ग त्याच्या मधूनच जातो आणि एस.टी.नेही तेथे पोहोचता येते. शहराच्या इतक्या जवळ, चालत हिंडता येईल असे जंगल मिळणे हे भाग्यच म्हटले पाहिजे. प्रत्यक्षात मात्र बहुतेक कुटुंबे तेथे पोहोचतात ती साडेदहा-अकराच्या सुमारास, म्हणजे पाखरे गप्प होऊन सावलीला गेल्यावर. त्यानंतर आजीआजोबा आणि कडेवरच्या मुलासकट सारी मंडळी किल्ल्याच्या खड्या वाटेला लागतात, कारण कर्नाळा म्हणजे तो अंगठ्यासारखा सुळका एवढेच त्यांनी ऐकलेले असते. अर्ध्या वाटेत मुले कंटाळतात, वडीलधाऱ्यांचे गुडघे बोलू लागतात, डबे उघडले जातात, वासाने माकडे जवळ येतात आणि दुपारी दोनच्या आत मंडळी परत फिरतात. ‘जंगलात काही नव्हतंच बघायला’ हे वाक्य परतीच्या वाटेवर मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे आणि दर वेळी मला वाईट वाटले आहे, कारण पाहण्यासारखे पुष्कळ काही त्यांच्या डोक्यावर आणि कधी कधी तर नाकासमोर होते.

पावसाळा संपता संपता कर्नाळ्याच्या वाटांवर दोन झाडांच्या मध्ये मोठ्या रानकोळ्यांची जाळी ताणलेली असतात. उन्हाची तिरीप पडली की त्यांचे धागे सोनेरी दिसतात. मध्यभागी पाय पसरून बसलेली मादी जवळजवळ तळहाताएवढी असते. तिच्यापासून थोडे दूर, त्याच जाळ्यावर, मुगाच्या दाण्याहून फारसा मोठा नसलेला एक तांबूस जीव दिसतो, तो तिचा नर. हे कुणी बोट दाखवून सांगितले नाही, तर मोठी माणसे ‘शी, कोळी!’ म्हणून मुलाला ओढून पुढे नेतात किंवा काठीने ते जाळे मोडून वाट मोकळी करतात. तेच एखाद्या जाणत्या माणसाने त्या मुलाला जाळ्यापासून हातभर अंतरावर उभे केले आणि ‘आता दुसरा शोध’ असे सांगितले, तर पाच वर्षांचे मूल तेथून लवकर हलत नाही. किल्ल्याची वाट चढण्याची मग गरजच उरत नाही.

हरियालाचेही तसेच आहे. आपल्या राज्याचा हा पक्षी, त्याच्या नावाची एक निसर्गवाटही कर्नाळ्यात आहे. पण फळांनी लगडलेल्या वडावर किंवा उंबरावर पंधरा-वीस हरियाल बसलेले असले तरी पानांच्या हिरव्या-पिवळ्या रंगात ते असे मिसळून जातात की फांदी हलेपर्यंत नवख्या डोळ्यांना एकही दिसत नाही. ते कोणत्या झाडावर, कोणत्या आठवड्यात, किती वाजता येतात हे फलकावर लिहून सांगता येत नाही. रोज त्या वाटेने जाणाऱ्या माणसालाच ते ठाऊक असते आणि अशी माणसे त्या जंगलाच्या पायथ्याशीच राहतात. पनवेल तालुक्यातील ठाकर आणि कातकरी वाड्यांतील तरुण आज रोजंदारीसाठी शहरात जातात. झाडे, पाखरे, कंद आणि वाटा यांची त्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या असलेली माहिती त्यांना तेथे कुणी विचारत नाही. तिला थोड्या प्रशिक्षणाची, ओळखपत्राची आणि ठरलेल्या मानधनाची जोड मिळाली, तर त्यांना गावातच काम मिळेल. शिरढोण हे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव तेथून जवळच आहे आणि त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते, हेही चालता चालता मुलांना सांगणारे कुणी असावे असे मला फार वाटते.

काशीदच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या कुटुंबांविषयी तर अधिकच खेद होतो. मुरूड तालुक्यातील फणसाड अभयारण्य त्या किनाऱ्याच्या पाठीशीच उभे आहे. एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीसाठी राखलेले हे रान १९८६ साली अभयारण्य झाले. शेकरू, बिबट्या, सांबर अशी वन्यजीवांची संपत्ती तेथे आहे. चिखलगाण, धरणाची गाण अशा नावांचे पाणवठे आहेत. माणसाच्या मांडीएवढी जाड होऊन झाडाझाडांवरून पसरत गेलेली गारंबीची वेल आहे, जिची शेंग पुढे धरली तर लहान मुलाच्या उंचीला येते. एवढे सारे सुपेगावच्या बाजूला असताना पुळणीवर उंटाच्या आणि घोडागाडीच्या फेऱ्या मारून कुटुंबे परत जातात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ओळखीचे कुणी नसताना अनोळखी रानात मुलाबाळांना घेऊन शिरण्याचे धाडस सहसा कुणी करणार नाही आणि करूही नये.

येथे कायद्याचाही एक मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात पर्यटनासाठी जायचे ते परवानगीने, आणि त्या परवानगीला अटी घालता येतात. तिकीट काढले म्हणजे आपण हवे तसे वागण्यास मोकळे झालो, हा समज त्यामुळे मुळातच चुकीचा आहे. दारात पिशव्या तपासल्या जातात, प्लास्टिकची मोजदाद होते, हे योग्यच आहे; पण दारातून आत गेल्यावर मोबाइलवर मोठ्याने गाणी लावणाऱ्या टोळक्याला कोण थांबवणार? पावसाळ्याच्या तोंडाला तिबोटी खंड्या मातीच्या उभ्या कडेला बीळ करून पिल्ले वाढवत असतो, तेव्हा कॅमेरे रोखून बिळासमोर तासन् तास बसणाऱ्यांना मागे सरण्यास कोण सांगणार? पालक पक्षी चोचीत भक्ष्य धरून फांदीवर खोळंबलेला असतो आणि पिल्ले आत उपाशी असतात, हे त्या छायाचित्रकारांना दिसत असूनही त्यांपैकी काही जण हलत नाहीत. वनरक्षकांची संख्या मर्यादित असते. त्यांना गस्त, वणवा आणि चोरटी तोड यांतून सवड नसते. प्रत्येक गटासोबत त्याच परिसरातील एक माणूस असला, तर नियम सांगायला वेगळा पहारेकरी लागणार नाही.

अशा व्यवस्थेमुळे जंगलात गर्दी वाढेल, असा आक्षेप काही निसर्गप्रेमी घेतील आणि तो गांभीर्याने घेतला पाहिजे. माझे म्हणणे असे की, गर्दी तर आजही आहेच, आणि ती कुणाच्याही लक्षाविना पसरते. वाटाड्या सोबत असणे बंधनकारक केले, तर एका वेळी किती गट आत सोडायचे हे आपोआप ठरेल आणि वाटेवरची माणसे वाटेवरच राहतील. शिवाय हा प्रयोग कोकणाला नवा नाही. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली सागरी कासवांच्या संरक्षणाचे काम सुरू केले. आज त्या गावात येणारी कुटुंबे ग्रामस्थांच्या घरी उतरतात आणि समुद्राकडे निघालेली कासवाची पिल्ले दोरीच्या अलीकडे शांत उभे राहून पाहतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटातील महिला स्वतः होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवतात आणि झाडांची ओळख करून देतात. या दोन्ही ठिकाणी जे दिसते, ते दाखवणारी माणसे तिथलीच आहेत. वेळास आणि वेंगुर्ल्याला जे जमले, ते पनवेलच्या वेशीवर न जमण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

खर्चाविषयी फार लिहीत नाही. महामार्गावर न्याहारीसाठी थांबणारे पाच जणांचे कुटुंब जेवढे पैसे देते, त्याहून कमी रकमेत दोन तासांच्या वाटाड्याचे योग्य मानधन निघू शकेल. ज्यांना तेही परवडत नाही, अशांसाठी आणि शासकीय शाळांतील मुलांसाठी ते माफ असावे.

वृद्धांचा विचार मात्र स्वतंत्रपणे व्हायला हवा. त्यांना किल्ला नको असतो. सपाट, सावलीची अर्धा-पाऊण किलोमीटरची वाट, मध्ये दोन ठिकाणी बसण्याची सोय, स्वच्छ स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी एवढे मिळाले तरी नातवंडांबरोबर तेही सकाळभर रमतात. अनेकांना लहानपणी गावी पाहिलेली करवंद, कुडा, हेदू, ऐन ही झाडे ओळखता येतात. वाटाड्याच्या जोडीला तेही मुलांना सांगू लागतात.

येत्या हिवाळ्यापासून निदान शनिवार-रविवारी कर्नाळ्याला पहाटे लवकर दार उघडून, वाड्यांतील इच्छुक तरुण-तरुणींना आधी प्रशिक्षण देऊन, कुटुंबांसाठी छोट्या गटांच्या फेऱ्या सुरू कराव्यात. त्यांची नोंदणी आदल्या दिवशी फोनवरून करण्याची सोय असावी आणि सकाळच्या पहिल्या दोन एस.टी. गाड्यांच्या वेळेशी या फेऱ्यांच्या वेळा जुळवाव्यात, म्हणजे स्वतःचे वाहन नसलेल्या कुटुंबांनाही त्यांत भाग घेता येईल. फणसाडसाठी हीच व्यवस्था सुपेगावच्या ग्रामस्थांशी बोलून ठरवावी. रायगड जिल्ह्यातील वन अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांनी या सूचनेवर आपले मत आपल्या वृत्तपत्रातूनच कळवावे, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक,
पनवेल, जि. रायगड