धुके आधी मोजा, मग जाळ्या लावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

धुक्यापासून पाणी मिळवण्यावरचा आपल्या अंकातील लेख आवडला. मात्र सह्याद्रीत हे कधी आणि कुठे जमेल, याचा विचार त्यात राहून गेला.

आषाढात सिंहगड चढताना पाऊस नसला तरी केस आणि भुवया निथळू लागतात, हे पुणेकरांना सांगायला नको. वाऱ्याबरोबर वाहणारे ढगातले थेंब आडव्या आलेल्या वस्तूवर आदळतात, एकमेकांत मिसळतात आणि ओघळतात. चिलीत एल तोफोच्या डोंगरावर असेच थेंब अडवणाऱ्या जाळ्या उभारून १९९२ पासून चुंगुंगो या मच्छीमारांच्या गावाला नळाने पाणी दिले गेले. जाळीच्या दर चौरस मीटरला दिवसाकाठी सरासरी तीन लिटर. ४८ चौरस मीटरच्या एका जाळीचे झाले साधारण दहा-बारा हंडे. एप्रिलमध्ये वेल्ह्याकडच्या एका वाडीत झऱ्याशी बसून वाटीवाटीने हंडा भरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्यासाठी दहा हंडे म्हणजे फार झाले.

पण चिलीच्या किनाऱ्यावर थंड सागरी प्रवाहामुळे पावसाविनाही धुके येते. आपल्या घाटमाथ्यावर ते दाटते जून ते सप्टेंबर, तेव्हा ओढे दुथडी भरून वाहत असतात. टँकर लागतो मार्च ते मे. हिवाळ्यात पहाटे नदीकाठी दिसणाऱ्या धुक्याला वाराच नसतो, त्यामुळे जाळीत फारसे काही येत नाही.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की लाखोंच्या जाळ्या घेण्याआधी मोजणी करा. एक मीटर लांब-रुंद जाळीची चौकट जमिनीपासून दोन मीटर उंचीवर, खाली पन्हळ आणि कॅन. जगभर असेच मोजतात. वेल्हे, भोर, मुळशीच्या माथ्यावर ऑक्टोबर ते मे रोजची नोंद व्हावी. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहेच, तिने मार्गदर्शन करावे. नोंदी शाळेतली मुले ठेवतील. मी तीस वर्षे विज्ञान शिकवले आहे, मुले अशी कामे मनापासून करतात.

आकडे चांगले आले, तर जाळ्या शिवायला वाडीतल्याच माणसांना शिकवा. चुंगुंगोत पुढे देखभाल थांबली, जाळ्या फाटल्या आणि गावात पुन्हा टँकर आले. आकडे कमी आले, तर तोच पैसा झरे दुरुस्त करायला आणि पावसाळ्याचे पाणी साठवणाऱ्या झाकलेल्या टाक्यांना द्या.

पहिली चौकट मी स्वखर्चाने करून द्यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सहकारनगर, पुणे