धाकटीचा बाळंतविडा

सोलापूर,
२ फेब्रुवारी

प्रिय शकू,

दिवाळीपासून तुला पत्र नाही आणि फोनवरही मी दोन वाक्यांत आटोपते. रागावली असशील तर रागाव, पण आधी हे वाच. दुसऱ्या कुणाला सांगावं तर 'लोकरीचं एवढं काय घेऊन बसलीस' म्हणतील.

मनूचं तुला ठाऊकच आहे. सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षतेच्या दिवशी सकाळीच कळा सुरू झाल्या, ३३वा आठवडा, नंदीध्वजांसाठी रस्ते अडवलेले, रिक्षावाल्याने गल्ल्यागल्ल्यांतून नेलं. थोरली १ किलो ९०० ग्रॅम, नऊ मिनिटांनी आलेली धाकटी १ किलो ४५०. थोरली बाराव्या दिवशी घरी आली. धाकटी अजून काचेच्या पेटीत. काल तिचं वजन १ किलो ६४० भरलं. मनू रोज जाऊन तिला उघड्या छातीशी धरून तासन् तास बसते, त्या उबेने मूल धरतं म्हणतात. डॉक्टर खूश आहेत. माझे गुडघे जसे होते तसेच, ह्यांची साखर बरी.

आता खरी गोष्ट. दसऱ्यापासून मी विणायला बसले होते. दोघींचं सगळं अगदी सारखं करायचं ठरवलं होतं: स्वेटर, टोपडं, पायमोजे आणि ३० बाय ३६ इंचांचं दुपटं. सोनोग्राफीत जुळं कळल्या दिवशीच नवी पेठेत जाऊन हळदीपेक्षा जरा फिकी, मऊ लोकर घेतली, बॉर्डरला पांढरी. दुकानदाराकडे त्या रंगाचे होते तेवढे गुंडे उचलले. नमुना विणून टाके मोजले, ४ इंचांत २२ बसले, हिशेब केला, सगळं नीट.

पण पहिलं दुपटं विणताना हात सुटला ना! कडेला क्रोशाची शिंपल्यांची बॉर्डर घातली, एक ओळ झाली, छान दिसली म्हणून दुसरी, मग तिसरी. क्रोशा सुयांपेक्षा किती लोकर खातो हे मला काय माहीत नव्हतं? खांबावर खांब घालत गेले. थोरलीचं सगळं झालं. धाकटीचा स्वेटर घेतला, पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, एक बाही झाली आणि दुसऱ्या बाहीला मनगटापासून चार बोटं वर आले तेवढ्यात जाणवलं, ही बाहीसुद्धा पुरी व्हायची नाही, टोपडं, मोजे, दुपटं तर ह्या लोकरीत होणंच नाही.

त्याच दुकानात पळाले. पट्टीवर शेडचा नंबर तोच, लॉट मात्र वेगळा. दुकानदार म्हणाला, "काकू, तोच रंग आहे." उजेडात नेऊन दोन्ही शेजारी धरले. नवा हिरवटाकडे झुकणारा. तुझे अप्पा गिरणीच्या रंगखात्यात होते, त्यांचं ते बोलणं आठवतंय ना, की रंगाचा एक घाणा दुसऱ्यासारखा कधी उतरत नाही, एका कापडाचं सूत एकाच घाण्याचं घ्या? सगळं आयुष्य सुताच्या गावात काढून मी तेच विसरले. तरी तो गुंडा घेतला. घरी येऊन बाही त्याने पुरी केली आणि ती खाटेवर पसरून पाहिली.

आणि शकू, मला तुझा तो फ्रॉक दिसला.

सातवीतला. गुलाबी, पांढरे ठिपके. तुझ्या बहिणीचा, मालूचा, अख्ख्या कापडाचा आणि तुझ्या काखेत वेगळ्या गुलाबीचा जोड. आधी मालूचा बेतला, उरल्यात तुझा बसवला. मी सगळ्या वर्गासमोर बोट दाखवून हसले होते. तू महिनाभर बोलली नाहीस, डबाही दुसरीकडे बसून खाल्लास. मग शेंगाची चटणी मागायला तूच आलीस म्हणून मी आजवर सांगत फिरले की तू चटणीसाठी परत आलीस. खरं म्हणजे मीच रोज तुला दिसेल असा डबा उघडून बसायचे. तुझी माफी मी कधी मागितलीच नाही. आज मागते. तेव्हा मला जोड दिसला होता. तू रोज मालूच्या शेजारी तो घालून उभी राहत होतीस, ते आत्ता दिसलं.

आणि मी माझ्याच नातीला, मागून आली म्हणून, उरलंसुरलं घालणार होते.

ती बाही मी रात्रीच उसवली. वरून शेजारच्या आजी येऊन सांगून गेल्या की जन्माआधी बाळंतविडा तयार करू नये, म्हणून असं झालं. त्यांच्या तोंडावर मी काही बोलले नाही, पण तीन रात्री झोप नाही. थोरलीचं पूर्ण आणि धाकटीचं अर्ध्यावर सुटलेलं, हे कपाटात शेजारी ठेवलेलं पाहिलं की पोटात कसंतरी होतं. मनूला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, मुळात दोघींना सारखं नकोच. लोक त्यांना एकच समजतील." मला फार लागलं. मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक तिंबत बसले. पण तिचंही खोटं नाही, आणि हे तूच सांगू शकतेस. मालूसारखं घालायला मिळायचं ते तुला आवडायचं, की फक्त जोड नको होता? खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नको.

(मालूच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? आणि तुमच्या सूनबाईंची बदली? पुढच्या पत्रात लिही, मी विचारायचं विसरते.)

परवा पहाटे गारठा होता, मी पायथ्याची चादर ओढली. लग्नातली, आपल्या इथलीच, मोरांची. अर्धी उलटली होती. एका बाजूला तांबड्यावर पांढरे मोर, दुसऱ्या बाजूला पांढऱ्यावर तांबडे. मोर तेच, रंग अदलाबदल. इतकी वर्षं पांघरतेय, पण तिची उलट बाजू कुठली हे मला सांगता येणार नाही. मी उठून बसले. ह्यांना वाटलं दवाखान्यातून फोन आला.

थोरलीचं पिवळं, पांढऱ्या बॉर्डरचं. धाकटीचं पांढरं, पिवळ्या बॉर्डरचं. टाके तेच, शिंपले तेच. धाकटीचा अर्धा स्वेटर उसवला की त्याच लॉटची पिवळी बॉर्डरला भरपूर होते, आणि पांढरी सगळी एका लॉटची नवीन आणली, सगळे गुंडे पट्टी वाचून. जोड कुठेच नाही. मनूला दाखवलं तर बराच वेळ हातात धरून बसली आणि म्हणाली, "हं, हे चालेल."

ह्यावेळी नीट विचारून करतेय. गळ्याला रिबीन नाही. टोपड्याची जाळी काढून घट्ट वीण घातली, जाळीत इवली बोटं अडकतात. दुपटं पाळण्यात सोबत ठेवायचं नाही, मांडीवर घेतानाच गुंडाळायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय. एप्रिलमध्ये आपल्याकडे लोकर कोण घालणार, तेव्हाची झबली सुती दोऱ्याची करेन.

एकच अडलंय. थोरलीला ८ नंबरच्या सुयांवर विणलं तसंच धाकटीला केलं तर ती त्यात हरवून जाईल. टाके कमी करावेत तर नक्षी मोडते. तेवढेच टाके बारीक सुयांवर घेतले की तोच स्वेटर लहान उतरतो. ८ पेक्षा बारीक १० नंबरवर करून पाहिला, अजून मोठाच. १२ पाहिजे.

१२ नंबरच्या सुया तुझ्याकडे आहेत, शकू. त्या माझ्या आहेत. तू पुण्याला गेलीस तेव्हा पिशवीत गेल्या आणि तू आजवर त्या तुझ्या म्हणतेस. टोकाला लाल लाखेचा ठिपका बघ, तो मीच लावलाय. हुतात्मा एक्स्प्रेसने ये, सुया घेऊन ये, आणि आठवडाभर राहा. बाह्या तू कर. तुझा हात माझ्यापेक्षा सारखा आहे, हे मी पहिल्यांदाच कबूल करतेय. धाकटी घरी येईल तेव्हा तिचं सगळं तयार असायला हवं.

तुझी,
कुमी