द्राक्षाच्या बियांचं तेल नाशिकातच काढा

महोदय,

मार्चमध्ये दिंडोरीच्या रस्त्याला लागलं की आंबूस वास येतो. वायनरीतून निघालेला चोथा बांधाला ढीग लावून टाकलेला असतो. परवा गाडी थांबवून मूठभर उचलला. साल ओली, मऊ. बी मात्र टणक. चार दिवसांनी त्याच ढिगावर पांढरी बुरशी होती.

मसाल्यांचे अर्क काढणाऱ्या कारखान्यात मी २३ वर्षं सुपरक्रिटिकल प्लांट चालवला. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर तापवून ७४ बारच्या (हवेच्या दाबाच्या सत्तरहून अधिक पट) पुढे दाबला, की तो धड वायू राहत नाही, धड द्रवही नाही; हीच सुपरक्रिटिकल अवस्था. वायूसारखा मसाल्याच्या भुकटीत शिरतो आणि द्रवासारखं तेल विरघळवून आणतो. आम्ही आलं ३०० बारला घ्यायचो. दाब उतरला की गॅस सुटतो, अर्क तळाशी उरतो, आणि तोच गॅस पुन्हा वापरता येतो. हीटर बंद पडला तर व्हॉल्व्हवर बर्फ धरायचा, लाइन चोक व्हायची. रात्रपाळीत हे फार वेळा निस्तरलंय. पण अर्काला हेक्झेनचा, म्हणजे तेल काढायला एरवी वापरतात त्या पेट्रोलियम द्रावकाचा, वास कधी आला नाही. जर्मनीत कॉफीतलं कॅफिन याच पद्धतीने काढायला १९७०च्या दशकातच सुरुवात झाली.

द्राक्षाच्या वाळलेल्या बियांत दहा-पंधरा टक्के तेल असतं. गेल्या वर्षी आम्ही चौघा बागायतदारांनी २०० किलो बी परराज्यातल्या एका प्लांटला पाठवलं. वाळवण अर्धवट, त्यात ट्रक तीन दिवस अडकला. माल बुरशी धरून परत आला. त्यांनी नाकारला ते बरोबरच होतं. ओलसर बी लांबचा प्रवास सोसत नाही, म्हणून प्लांट इथेच हवा.

दिंडोरी किंवा विंचूर परिसरात एमआयडीसीने सामायिक केंद्र उभारावं. आधी बी वेगळं करायची चाळणी आणि ड्रायर, मग तेल काढणारा एक्स्ट्रॅक्टर. यंत्रं महाग असतात, एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातली नाहीत. आणि द्राक्षाच्या तीन महिन्यांवर असा प्लांट तगणारही नाही. उरलेलं वर्ष त्यावर आलं, हळद, मिरची घ्यावी लागेल. बियांतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, हवं असेल तर नुसता कार्बन डायऑक्साइड पुरत नाही, सोबत थोडं इथेनॉल (अल्कोहोल) सोडावं लागतं, तेव्हा त्याच्या परवान्याचाही विचार आताच व्हावा.

इतक्या दाबाची भांडी शिकलेल्या हातांनीच उघडायची असतात. आयटीआयच्या मुलांसाठी वर्ग सुरू होणार असेल तर शिकवायला मी विनामूल्य येईन.

– एक निवृत्त प्लांट ऑपरेटर, मखमलाबाद, नाशिक