अण्णांच्या आठशेबद्दल, सुमीस

चिपळूण

प्रिय सुमे,

इकडे सगळे ठीक. माईचा गुडघा पावसाळ्यात कुरकुरतो, तेवढंच. लिहायला बसले ते गाडीसाठी. अण्णांची मारुती आठशे मिसिंग करतेय, इंजिन सारखं ठोका चुकवतंय, आणि दादा म्हणतो, देऊन टाक भंगारात. त्याला नाही कळायचं. आपण दोघी शिकलो तिच्यावर.

बहादूरशेख नाक्याला उभी राहिली की आरशापर्यंत सगळं थडथडतं. पिकअप नाही, चढाला पहिल्या गिअरशिवाय हलत नाही. गॅरेजवाल्यानं जेमतेम कान लावला आणि म्हणाला, ‘कॉम्प्रेशन गेलंय, हाफ इंजिन करावं लागेल.’ म्हणजे सिलिंडरमधला दाब उतरलाय, अर्धं इंजिन खोलावं लागेल. ना दाब मोजायचा गेज लावला, ना प्लग काढून पाहिला. असं न तपासता अण्णांचं इंजिन मी कुणाला उघडू देणार नाही. माईनं तर गाडीची दृष्ट काढली. मिरच्यांच्या धुरानं आम्हीच मिसिंग करायला लागलो.

मग मीच बॉनेट उघडलं. ७९६ सीसी, सिलिंडर तीनच; एक बसला की तिसरा हिस्सा ताकद गेलीच. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढायची, तिच्यात जुना प्लग खोचून बॉडीला टेकवायचा, हात लांब ठेवायचे (शॉक जबर बसतो) आणि चालू करून ऐकायचं. पहिल्याची काढली, इंजिन धडपडून बंद. तिसऱ्याची काढली, तेच. मधल्याची काढली तर काही फरकच नाही! प्लग खोलला तर काळा, पेट्रोलनं ओला. म्हणजे पेट्रोल येतंय, पेटत नाहीये. पहिल्याचा प्लग मधल्यात घातला, तरी मधला गपगार. प्लगचा दोष नाही.

रात्री दिवे घालवून गाडी चालू केली. मधल्या वायरीला रबरी टोपीपाशी बारीक चीर, आणि तिच्यातून निळी ठिणगी टक् टक् करत इंजिनवर उडतेय. प्लगपर्यंत करंट पोचणार कसा? त्यात ही दमट हवा. दादाला ओढत आणून दाखवलं. पाहिलंन आणि म्हणाला, ‘तरी विकच.’ कुंभार्ली घाटात तू तिसरा गिअर टाकलास तेव्हाही तिचा असाच दम निघाला होता, आणि अण्णांनी बाजू तुझी घेतली. मी अजून म्हणते, ते वळण दुसऱ्याचंच होतं.

वायरींचा सेट कराडहून मागवलाय. पण घोर वेगळाच आहे. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतोय गं. ऑइल बदलल्याशिवाय आता गाडी हलवत नाही. या भानगडीत रिंगा खाल्ल्या गेल्या असतील, तर गॅरेजवाल्याचं खरं ठरेल. ठरू दे, पण दाब मोजून. मधला बाकी दोघांच्या जवळपास भरला तर इंजिन उघडायचं कारणच नाही. कमी भरला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं: आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर बहुतेक व्हॉल्व्ह.

भावजींकडे कॉम्प्रेशन गेज आहे ना? गणपतीला येताना घेऊन ये. चिंगीच्या अ‍ॅडमिशनचं काय झालं? नव्या जागेचा ताबा मिळाला का? सासूबाईंना नमस्कार. गेज मात्र विसरू नकोस, दादा विसर्जन झालं की गिऱ्हाईक आणणार आहे.

तुझी,
शकू