गोलकीपरच्या किटसाठी वर्गणी हवी आहे

लष्कर, ग्वाल्हेर

सप्रेम नमस्कार.

गणपतीची वर्गणी देऊन आपला हात जेमतेम मोकळा झाला असेल, तोच आम्ही पुन्हा पावतीपुस्तक घेऊन दारात उभे. या वेळी कारण हॉकीचं आहे.

मंडळाच्या सकाळच्या सरावाला चौदा मुली येतात. खेलो इंडियाची मुलींची हॉकी लीग 2021 साली दिल्लीत 21 वर्षांखालच्या गटाने सुरू झाली, 2022 मध्ये 16 वर्षांखालचा गट आला, आणि तेव्हापासून या मुलींच्या तोंडी ‘लीग’ हा एकच शब्द आहे. राज्याची महिला हॉकी अकादमी तर 2006 पासून आपल्याच गावात. तिथे निवड झाली की किट, जेवणखाण, टर्फ, सगळी सोय होते. अडतं ते निवड होईपर्यंत.

आमच्याकडे गोलकीपर दोघी आणि किट एक, तोही कुणा थोराड मुलाने वापरून टाकलेला. उजव्या पॅडचा पट्टा तुटल्यापासून तो परकराच्या नाडीने बांधतो. मुलगी गुडघ्यावर बसली की गाठ सुटते. एकीने पॅड चढवले की दुसरी कडेला चेंडू वेचत बसते. पेनल्टी कॉर्नरला, म्हणजे गोलजवळच्या नियमभंगाबद्दल विरुद्ध संघाला मिळणाऱ्या फटक्याच्या वेळी, गोलरेषेमागे पाच जणी असतात. चौघी चेंडू सुटताच पुढे धावतात, पाचवीला, म्हणजे गोलकीपरला, तो अंगावर घ्यावा लागतो. मुरलेल्या खेळाडूची ड्रॅगफ्लिक, म्हणजे स्टिकने चेंडू ओढत आणून भिरकावलेला फटका, ताशी 100 किलोमीटरच्या पुढे जाते. हे असलं किट बघून सरांनी जोरात मारायलाच बंदी केली आहे, म्हणजे फटका मारणारीचा सरावही अर्धाच.

हेल्मेट, चेस्ट गार्ड, पॅड, बुटांवर चढवायचे किकर आणि हातमोजे असा मुलींच्या मापाचा संच जालंधरहून भाड्यासकट 38,000 रुपयांत येतो. 11,000 जमले आहेत. स्वस्तातला घेऊ नका असं आम्हीच सांगतो, कारण गेल्या वर्षी हौसेने स्वस्त स्टिक घेतल्या आणि पावसाळ्याआधीच त्या चिरल्या. चूक आमची.

कॅप्टन रूपसिंग स्टेडियम म्हटलं की आपल्याला सचिनचं 2010 चं द्विशतक आठवतं. रूपसिंग हॉकीचे. 1932 च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेवर झालेल्या 24 गोलांपैकी 10 त्यांचे, आणि नोकरी ग्वाल्हेर संस्थानाच्या फौजेत. एवढं सांगितलं की वयस्कर मंडळी शंभराची नोट काढतातच, असा अनुभव आहे.

रक्कम कितीही चालेल. घरात तीन ते सहा नंबरचे टर्फ शूज पडून असतील तर तेही द्या. शाली, श्रीफळ, चषक नकोत. आयकरात सवलत मिळणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. वर्गणी मंडळाच्या कचेरीत संध्याकाळी 6 ते 8 स्वीकारली जाईल, पावती लगेच मिळेल. हिशेब फलकावर लावू. खात्री करायची असेल तर सकाळी सहाला मैदानावर या, नाडी बांधलेला पॅड दाखवतो.

आपले नम्र,
चिटणीस व कार्यकारी मंडळ